कलेजी श्वास घेत नाही

दमनहूर, १२ ऑक्टोबर

नझीह,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतोस, तेव्हा पत्रच बरं. पत्र मधेच बंद करता येत नाही. सुहैर आत्याचा जावई परवा कुवेतला परततोय. तो हे तुझ्या हातात देईल आणि तू फाडलंस तर तसं मला कळवेलही, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. म्हणून फाडू नकोस.

कैरोच्या सर्जनची वेळ मी रद्द केली. तुला न विचारता केली, हे खरं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास आणि मी तरीही केलीच असती, मग विचारण्याचा देखावा कशाला? आईचं यकृत कापण्यासारखं राहिलेलं नाही. ती लहान असताना गावातल्या पोरांना रांगेत उभं करून एकाच काचेच्या सिरिंजने बिल्हार्झियाच्या जंतांवरची इंजेक्शनं दिली. त्यातून काविळीचा जो विषाणू रक्तात शिरला त्याने एवढ्या वर्षांत यकृताचा दगड करून टाकला. विषाणू गोळ्यांनी गेला, दगड राहिला. त्यातला तुकडा कापून काढला तर उरलेल्यावर ती जगणार नाही. हे तुला समजत नाही असं नाही. दुसऱ्या कुणाच्या आईबद्दल हेच तू मला समजावून सांगितलं होतंस, छान शांतपणे.

गाठ अक्रोडाएवढी आहे. उजवीकडे, अगदी वर, श्वासाच्या पडद्याला चिकटून. सोनोग्राफीत बघत बघत बाहेरून सुई घालायची आणि गाठ आतल्या आत भाजून टाकायची, एवढंच तिला झेपेल. तू ज्याला ‘सुईवाल्यांचा धंदा’ म्हणतोस तोच हा.

आता दुसरी गोष्ट. सुई मी धरणार नाही. बाबांचं अपेंडिक्स सुजलं तेव्हा तू स्वतः सर्जन असून ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसून नखं खात होतास. मग माझ्याकडून वेगळी अपेक्षा ठेवू नकोस. आपल्या माणसावर आपला हात चालत नाही. आणि या प्रांतात हे काम करणारा दुसरा जो होता, तो रियाधला गेला. कैरोला पाठवलं तर तिथली रांग इतकी लांब आहे की तिचा नंबर लागेपर्यंत अक्रोडाचं संत्रं होईल. उरतात माझे विद्यार्थी. त्यांतली रिहाम महिन्याभरात तयार झाली तर आईला तीच करेल. नाही झाली, तर आईला रांगेत उभी करावी लागेल.

तू विचारशील, कोण रिहाम? रशीद शहरातल्या सरकारी रुग्णालयातून शिकायला आलेली. हात स्थिर, डोकं तापट. माझ्याशी वाद घालते, आणि चुकीची असली तर पुराव्यासकट माफी मागते. तिच्याबरोबर वगदी नावाचा एक गोलमटोल डॉक्टर आहे, स्वभावाने लोण्यासारखा.

शिकवते कसं, ते ऐक. बाजारातल्या मुतवल्ली खाटकाकडून बैलाची ताजी कलेजी आणते. तिच्यात खालच्या बाजूने चिरा देऊन ऑलिव्ह खुपसते आणि जेलीत बसवते. वरून काहीच दिसत नाही. सोनोग्राफीत मात्र ऑलिव्ह अगदी गाठीसारखं दिसतं. एका हातात यंत्राचा डोळा, दुसऱ्या हातात सुई, नजर पडद्यावर. ऑलिव्हच्या बरोबर मधोमध टोक गेलं पाहिजे. मुतवल्लीला वाटतं मी कलेजीच्या सँडविचची गाडी लावली आहे. परवा मला म्हणाला, “दोक्तोरा, एवढी कलेजी नेता आणि एकदाही चवीला बोलावत नाही.” वगदी उरलेली ऑलिव्हं खातो, हे मी त्याला सांगितलं नाही.

रिहामचं ऑलिव्ह चुकत नाही. कलेजी कशीही फिरवून दिली तरी नाही. तरीसुद्धा आमचे प्रमुख डॉ. शौकत त्यांना माणसाजवळ जाऊ देत नव्हते. उन्हाळ्यात सगळ्यांसमोर मला म्हणाले, “स्वतःच्या आईला झोपवशील का यांच्या सुईखाली?” मी हो म्हणाले. तेव्हा आईचा स्कॅन झाला नव्हता. आता झाला आहे, आणि माझं उत्तर तेच आहे.

तू सांगितलं होतंस की आईला ‘कॅन्सर’ म्हणायचं नाही, पित्ताचे खडे म्हणायचं. मी तिला सगळं सांगितलं. ती बदकांना कोंडा घालत होती. ऐकलं, हात झटकले आणि विचारलं, “नझीहला कळलंय?” मी म्हटलं, हो. “मग त्याला बिचाऱ्याला झोप लागत नसेल,” म्हणाली. तुझी काळजी वाटली तिला, स्वतःची नाही.

इब्तिहाल


दमनहूर, २६ ऑक्टोबर

नझीह,

तुझा निरोप मिळाला. निरोप कसला, दोन ओळी. पण आल्या.

इथे काही विशेष नाही. आई बरी आहे, पाय थोडे सुजतात. शौकतसाहेबांनी अखेर परवानगी दिली आणि रिहामने पहिला जिवंत रुग्ण केला. बयूमी नावाचे गिरणीवाले काका, सगळे त्यांना अम्म बयूमी म्हणतात. थोडा त्रास झाला, पण ते घरी गेले, ठीक आहेत.

मुलूखियाची भाजी वाळवून पाठवते आहे. तुझ्या बायकोला सांग, लसूण जास्त घाल.

इब्तिहाल


दमनहूर, ४ नोव्हेंबर

नझीह,

म्हणजे आत्याने फोनवर जावयाला सांगितलं आणि अखेर त्याने तोंड उघडलंच. ‘थोडा त्रास’ म्हणजे काय ते मी लपवलं, असं तू लिहितोस. लपवलं. कारण तू काय लिहिशील ते मला माहीत होतं आणि तू तेच लिहिलंस. आता नीट सांगते.

अम्म बयूमी टेबलावर होते. जागे, थोडं गुंगीचं औषध, वरची जागा बधिर केलेली. रिहामला गाठ स्वच्छ दिसत होती. तिने त्यांना श्वास धरायला सांगितलं, त्यांनी धरला. तिने सुई घातली आणि सुई गाठीच्या बाजूने निघून गेली. सुई तापवलेली नव्हती, हे देवाचे उपकार. टोक भलत्या ठिकाणी गेलं आणि रक्त आलं. फार नाही, पण आलं. मी सुई काढून घेतली, दाबून धरलं, रक्त थांबलं. दोन रात्री ठेवून घेतलं त्यांना. गाठ मी पुढच्या आठवड्यात भाजली. ते आता घरी मिशचं खारं चीज आणि भाकरी खातायत आणि रिहामसाठी पीठ पाठवतायत, हे खरं आहे. बाकीचं मी गाळलं होतं.

शौकतसाहेबांनी त्याच दुपारी वर्ग बंद केला. विद्यार्थ्यांचा हात रुग्णावर लागणार नाही, विषय संपला. रिहामने रशीदला परतायला बॅग भरली. मी बॅग रिकामी करायला लावली. म्हटलं, आधी कळू दे काय झालं, मग हवं तिथे जा.

रेकॉर्डिंग आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं. सुई योग्य दिशेने चालली होती. गाठच जागेवरून हलली. सुई आत जायच्या अगदी क्षणी यकृत खाली सरकलं, म्हणजे अम्म बयूमींचा श्वास सुटला. का सुटला? मी त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, मी श्वास धरून होतो, वल्लाह, माझ्या पोरांची शपथ. खोटं बोलणारा माणूस नाही तो.

मग रिहाम स्वतः टेबलावर झोपली. तिच्या बरगड्यांखाली यंत्राचा डोळा धरून मी तिचं यकृत पडद्यावर आणलं आणि म्हटलं, तू त्या दिवशी जे जे केलंस, जे जे बोललीस, तसंच मी करते. श्वास धर. तिने धरला. मी पेन सुईसारखं धरलं आणि तिच्यासारखंच मोठ्याने म्हणाले, “बिस्मिल्लाह.”

“अर-रहमान अर-रहीम,” रिहाम म्हणाली. आणि पडद्यावर तिचं यकृत घसरलं.

अरे, कोण गप्प राहील? कुणी बिस्मिल्लाह म्हटलं की पुढचं आपोआप तोंडातून येतं. तुझ्याही, तू कितीही मोठा सर्जन झालास तरी. अम्म बयूमी काय, सगळा प्रांत उत्तर देईल. आपण काही बोललो हेही त्यांच्या लक्षात राहिलं नाही, इतकं ते सवयीचं. रिहाम हातात काहीही धारदार घेतलं की मोठ्याने बिस्मिल्लाह म्हणते, आजीची शिकवण. कलेजीपुढेही म्हणायची. कलेजी उत्तर देत नाही, श्वास घेत नाही, म्हणून तिचं ऑलिव्ह कधी चुकलं नाही.

मी इतकी वर्षं मनातल्या मनात म्हणते. ते मी शिकवलं नाही, कारण ती शिकवायची गोष्ट आहे हेच मला ठाऊक नव्हतं. तुझ्या गुळगुळीत इस्पितळात, तुझ्या झोपवलेल्या रुग्णांवर हे घडणार नाही. परदेशातून आलेल्या माझ्या पुस्तकांतही हे कुठे नाही. हे इथेच घडतं आणि इथेच सुधारायला हवं.

आता नियम असा: टेबलाजवळ आल्यावर डॉक्टर आणि रुग्ण मिळून बिस्मिल्लाह म्हणतील, पूर्ण, मोठ्याने, हवं तर दोनदा. त्यानंतर सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. श्वास धरण्याची खूण शब्दाने नाही, खांद्यावर हात ठेवून. वगदीला मी टेबलावर झोपवून रिहामकडून सराव करून घेते. त्याला सारखं हसू येतं, म्हणून तो रुग्ण म्हणून उत्तम आहे.

शौकतसाहेबांकडे मी कालच गेले होते. मी बरंच काही बोलले. असंही बोलले की तुम्ही मेलात, मी मेले, तर या प्रांतात सुई कोण धरणार, की तुमच्या नावाची पाटी रुग्णांच्या गाठी भाजेल? ते चिडले. मग म्हणाले, ठीक आहे, पण आता पुढचा रुग्ण तुझी आई. तिच्याआधी एकही नाही.

मी तारीख लिहून घेतली.

तू लिहितोस, मी आईला माझ्या भांडणातला मुद्दा बनवते आहे. थोडं तसं आहे, नझीह. नाकारत नाही. पण तो मुद्दा खरा नसता तर मी आईला त्यात ओढलं नसतं.

इब्तिहाल


दमनहूर, १३ नोव्हेंबर

नझीह,

‘आईने स्वतः सांगितलं तरच मानेन’ असं लिहिलंस, म्हणून रिहामला गावी घेऊन गेले. आईपुढे तिला उभी केली आणि अम्म बयूमींचं सगळं तिने स्वतःच्या तोंडाने सांगावं असं म्हटलं. पोरगी पांढरीफटक पडली, पण सांगितलं. काही गाळलं नाही. रक्त आलं, हेही सांगितलं.

आई फितीरच्या पोळ्या लाटत होती. हात न थांबवता तिने आधी चौकशी केली की लग्न झालंय का, नाही झालं तर का नाही, आणि रशीदचे लोक मासे इतके खारट का करतात. रिहामने लग्नाचं टाळलं आणि माशांवरून भांडली. मग आईने मला विचारलं, “हीच का ती?”

मी म्हटलं, हीच. तुला नको वाटत असेल तर आत्ता सांग, मी कैरोला नाव घालते, मला राग येणार नाही.

“येईल,” आई म्हणाली. “पण ते जाऊ दे. चुकलीये ना ही एकदा? मग हिला माहितीये कुठे पाय घसरतो. कैरोवाल्याचं मला काय माहीत. आणि मी हिच्या सुईखाली झोपले, आणि ही शिकली, तर शेजारच्या नफीसाच्या सुनेला कैरोला जावं लागणार नाही. तिलाही आहे ना तसंच काही?”

नफीसाच्या सुनेलाही आहे. मी आईला कधी सांगितलं नव्हतं. गावात काही लपत नाही.

रिहामला फितीर आणि मध दिलं. जाताना आई तिला म्हणाली, “पोरी, माझी मुलगी तुला खूप रागावते का?” रिहाम आदराने म्हणाली, “हो हाग्गा.” आई म्हणाली, “मलाही.”

तिचं उत्तर तुला हवं होतं. हे ते.

इब्तिहाल


दमनहूर, २२ नोव्हेंबर

नझीह,

आई ठीक आहे. हे पहिल्या ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

सकाळी तिला आत घेतलं. बिस्मिल्लाह मिळून म्हटलं, सगळ्यांनी. इथवर ठीक. मग आईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. रिहाम खांद्यावर हात ठेवी, आई श्वास धरी, आणि मी एक पाऊल जरी टाकलं तरी आई मान वळवून, “इब्तिहाल, तुझा चेहरा असा का झालाय?” मी म्हटलं, आई, बोलू नकोस. तर ती म्हणे, “मी कुठे बोलतेय?” पडद्यावर गाठ वरखाली, वरखाली. मी ओरडले. आईने ओरडून उत्तर दिलं. असं तीनदा.

रिहामने सुई खाली ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “दोक्तोरा, तुम्ही बाहेर जा.”

मी म्हटलं, काय?

“तुम्ही इथे आहात तोवर हाग्गा तुम्हालाच उत्तर देत राहणार. बाहेर जा. कृपा करून.”

माझ्याच खोलीतून मला माझ्याच विद्यार्थिनीने बाहेर काढलं. रागाने माझे कान तापले. मी आईकडे पाहिलं, तर ती म्हणाली, “जा ना, ऐक तिचं.” मी गेले.

बाहेर शौकतसाहेब उभे होते. मी बाहेर आलेली पाहून त्यांना वाटलं, काहीतरी बिघडलं. मी म्हटलं, तिने मला हाकललं. त्यांनी गाऊन मागवला आणि ते आत गेले, रिहामच्या मागे उभे राहायला. माझ्या जागेवर.

त्यापुढचं मला माहीत नाही. मला काय माहीत असणार? आयुष्यभर पडद्यासमोर राहिले, मला बंद दारासमोर उभं राहता येत नाही. मी कुराणातलं जे जे आठवलं ते म्हटलं, आणि मधेच तुझ्यावर चिडले की तू इथे नाहीस. भीती वाटत होती, नझीह. मीच सगळ्यांना ओढत इथवर आणलं आणि आत काय चाललंय ते मलाच दिसत नव्हतं.

दार उघडलं तेव्हा आधी आईचा आवाज आला. भूक लागली म्हणत होती. रिहामच्या कपाळावर घाम, मास्क हनुवटीवर. म्हणाली, टोक मधोमध गेलं, गाठ पूर्ण भाजली, रक्त नाही. मी शौकतसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “मी फक्त उभा होतो.” आणि गेले. संध्याकाळी वर्ग पुन्हा सुरू झाल्याची सूचना फळ्यावर होती. माझ्याशी मात्र ते अजून नीट बोलत नाहीत.

रिहाम मला सॉरी म्हणायला आली. मी म्हटलं, पुन्हा सॉरी म्हणालीस तर नापास करेन.

इब्तिहाल


दमनहूर, १९ जानेवारी

नझीह,

आईशी फोनवर बोलताना तुझं हसणं ऐकलं, मागच्या शुक्रवारी. मी स्वयंपाकघरात होते. इब्तिहालला फोन दे असं तू म्हणाला नाहीस, पण माझी चौकशी केलीस, आईने सांगितलं. चालेल.

स्कॅन झाला. रिहामने भाजलेली गाठ मेली आहे. पूर्ण काळी, कडेला एक धागाही जिवंत नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं, मग शौकतसाहेबांना दाखवलं, मग वगदीला, मग दारावरच्या शिपायाला दाखवणार होते.

पण डाव्या बाजूला एक नवीन ठिपका आहे. ऑलिव्हएवढाही नाही. असं होतं, तुलाही माहीत आहे. दगड झालेल्या यकृतात एक विझवली की दुसरी पेटते. लहान आहे, जागा सोपी आहे, होईल. मी तुला खडे वगैरे सांगणार नाही आणि तूही आईला सांगू नकोस. तिला माहीत आहे.

मी आमच्याकडे तारीख ठरवायला बसले, तर आई म्हणाली, तारीख ठरली. रशीदला. रिहाम तिच्या रुग्णालयात परतली आहे. कुठून तरी मागून आणलेल्या यंत्रावर तिने काम सुरू केलं आहे. तीन जणांना केलंसुद्धा, त्यांत नफीसाची सून. आईने तिला परस्पर फोन करून वेळ घेतली. मला विचारलं नाही. मी म्हटलं, निदान मला उभं तरी राहू देईल का ती? आई म्हणाली, “तुला कशाला? तिथे उभी राहायला तिची एक शिकाऊ पोरगी आहे.”

मी इतकी वर्षं याचसाठी झगडले. कुणीतरी माझ्याविना करेल, यासाठी. तुझ्याशी भांडले, शौकतसाहेबांशी भांडले, आईला टेबलावर झोपवली. आणि आता खरोखर मला तिथे काही काम नाही. पुढच्या गुरुवारी आईचा हात धरून मी रशीदला जाणार, ती आत जाणार, आणि मी तिची नुसती मुलगी म्हणून बाहेर बसणार.

ते मला एकटीला जमणार नाही. तू ये.

इब्तिहाल